झिऱ्याचं तोंड

उंबरझिरे, ता. अकोले
१२ नोव्हेंबर १९७२

ती. सौ. वहिनीस,
सहादेवचा साष्टांग नमस्कार. आईला नमस्कार सांगा. छबूला पापा.

कामावर हजर झालो. पाझर तलावाचं काम आहे, माझ्याकडे हजेरी. सकाळी नावं पुकारायची, संध्याकाळी पुकारायची. मधे माणसं उन्हात खडी फोडतात आणि मी झाडाखाली बसतो, त्याची लाज वाटते. पिण्याच्या पाण्याचे हाल आहेत. टँकर येतो, कधी येत नाही.

आणि एवढ्या कोरड्या मुलखात एक ओढा वाहतोय, वहिनी. गावामागं डोंगराच्या पायथ्याला कातळात एक भोक आहे, वाकून माणूस शिरेल एवढं. त्यातून पाणी येतं. त्याला झिऱ्याचं तोंड म्हणतात. ओढा बाजेएवढा रुंद, पण पाणी असं की तळातला खडान् खडा दिसतो. पावसाळ्यात वाढत नाही, उन्हाळ्यात आटत नाही म्हणतात. कोसभर वाहून पुढे वाळूत जिरतं. गावाला तेवढंच पाणी पुरतं, कामावरच्या माणसांना कुठून पुरणार?

या ओढ्यात मासे आहेत. गावातलं कोणी धरत नाही, का ते सांगत नाहीत. मी काल वेळूची काठी तोडली, तंगुसाची दोरी आणि गळ पेटीत होतेच, मोरपिसाची दांडी तरंगायला लावली. दादानं शिकवलं तसं. कणकेच्या गोळीला एक मासा लागला. शिंगट्याच्या जातीचा, पण पांढराफटक, आणि डोळ्यांवर कातडी आलेली. आंधळा.

त्याच्या ओठात आधीचाच एक गळ होता. वीतभर तंगूस लोंबत होता. गळाला मारलेली गाठ मी ओळखली. दादा डावरा, त्याची गाठ उलट्या बाजूनं फिरायची आणि शेपूट परत आतून काढलेलं असायचं. गोदावरीवर आमच्या सगळ्या गड्यांत तशी गाठ फक्त त्याची. अकोल्याच्या बाजाराला बैल बघायला म्हणून तो गेला तो याच भागात ना?

तुम्हाला लिहावं की नाही कळत नव्हतं. लिहिलं.

आपला,
सहादेव

•

पुणतांबा
२४ नोव्हेंबर १९७२

चि. सहादेवभाऊजींस, रतनचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. आईंना वाचून दाखवलं, पण गळाचं सोडून. त्यांची दृष्टी आता अगदीच गेली. दारात कोणाची चाहूल लागली की अजून "कानिफ आला का?" विचारतात. त्यात ही भर कशाला?

नदी नावाला आहे. घाटाखाली वाळू, मधूनमधून डबकी. रब्बीचं काही खरं नाही. छबू तिसरीत गेली, पाढे चांगले म्हणते.

भाऊजी, गाठ कोणीही मारू शकतो. तुमच्या दादांनी तुम्हाला गळ टाकायला शिकवलं, तशी वाटेत कोणाला ती गाठ शिकवली असेल. सहा वर्षं माणूस घरी येत नाही आणि गाठीवरून त्याला शोधायचा, हे मनाला बरं नाही. माझा भाऊ दर दिवाळीला सांगतो, रतन, आता त्यांचे दिवस घालून उरकून टाक. मी उरकत नाही, पण वाटही बघत नाही. सवय झाली.

कामाकडे लक्ष द्या. पाणी उकळून प्या.

रतन

ता. क. तो गळ टाकला नसेल तर पाठवा. गावात कोणाला काही आठवतं का तेही विचारा.

•

उंबरझिरे
१० डिसेंबर १९७२

ती. सौ. वहिनीस, सा. न.

गळ यासोबत पाठवतो, जाड कागदात गुंडाळलाय, जपून उघडा.

विचारलं. कोणी बोलेना. शेवटी भिमाजी म्हणून एक म्हातारा आहे, ओढ्याकाठी त्याची शेरडं असतात, तो बोलला. त्याचेच शब्द लिहितो. "आला हुता एक डावरा. माझ्या पडवीत झोपायचा. दिसभर तोंडापाशी गळ टाकून बसायचा. मी म्हनलं, बाबा, हितं धरू नको, हे मासं आपलं न्हाईत, आतल्याचं हाईत. तो हसला. म्हनला, मोठं मासं आत असत्याल. एक दिस वाकून आत गेला."

मी विचारलं, मग?

"मग काय? न्हाई आला. आमी दोन दिस हाका मारल्या. पोलिसात कोन जानार?"

वहिनी, मी त्याची मानगूट धरणार होतो. पण तो रडायला लागला.

आता पुढचं. त्यानंतर मी आणखी मासे धरले. सगळ्यांच्या नाही, पण बऱ्याच माशांच्या ओठात तसाच गळ आहे, तशीच गाठ. तुम्ही म्हणाल जुने असतील. पाठवलेला गळ बघा. पाण्यात गळ राहिला की त्याला गंज धरतो, हे पोरालाही ठाऊक आहे. याला गंज नाही. चकचकीत आहे.

मासे आतून येतात. आत कोणीतरी गळ टाकतंय आणि त्याचे मासे तुटून इकडे येतात, याशिवाय मला दुसरं सुचत नाही. हे मी कोणाशी बोललो नाही. वेड लागलं म्हणतील.

सहादेव

•

पुणतांबा
२२ डिसेंबर १९७२

चि. सहादेवभाऊजींस आशीर्वाद.

गळ मिळाला. गाठ त्यांचीच आहे. मला तुमच्याइतकं कळत नाही, पण लग्नानंतर चार पावसाळे मी त्यांना ती गाठ दिव्याखाली मारताना बघितलं आहे. शेपूट दातानं तोडायची सवय. इथंही दातानं तोडलंय, कात्रीनं नाही.

सोबत पुडीत माझ्या मंगळसूत्रातला एक काळा मणी आहे. माशाला बांधा आणि तोंडापाशी सोडा. धारेविरुद्ध आत गेला तर गेला. तुमच्या साध्या गाठीनं बांधा.

हे शहाणपणाचं नाही, मला माहीत आहे. कोणाला सांगू नका. मला समजावूही नका.

रतन

•

उंबरझिरे
८ जानेवारी १९७३

ती. सौ. वहिनीस, सा. न.

मणी माशाच्या कल्ल्यामागच्या काट्याला बांधून सोडला. पाण्यात सगळं दिसतं. तो मासा थोडा थांबला, मग सरळ धारेविरुद्ध भोकात शिरला.

संक्रांत जवळ आली, म्हणून परवा काम लवकर सुटलं. दुपारी ओढ्यावर गेलो. गळ टाकला, लगेच ओढ लागली. तोच मासा. मणी होता. गाठ माझी नव्हती. माझी सोडून त्याची मारली होती.

मी काठी टाकली आणि भोकात तोंड घालून "दादा" म्हणून ओरडलो. आवाज आत गेला आणि तिथंच राहिला, घुमला नाही. मी कान देऊन थांबलो. आतून आवाज आला. माणसाचा नाही. पाण्यात शिसं पडतं तसा, टप्. थोड्या वेळानं परत टप्. गळ टाकायचा आवाज, वहिनी. मी आयुष्यात हजारदा ऐकलाय.

मी पळत आलो, खोटं सांगत नाही.

आता जे लिहायचं ते लिहायला हात उचलत नाही. टँकर आठवडाभर आला नाही. माणसं डबक्यातलं गढूळ पितात. हगवण लागून एक लहान मूल गेलं, आज दुसरं आजारी आहे. ओव्हरसियरसाहेबांनी ठरवलंय की झिऱ्याच्या तोंडाला सुरुंग लावून ते मोठं करायचं. आत पाणी खूप असणार, तोंड अरुंद म्हणून थोडं येतं, असं त्यांचं म्हणणं. गावकरी नको म्हणतात, झिरा बुजेल म्हणतात. साहेब मला म्हणाले, "सहादेव, तू रोज तिथं बसतोस. तू सांग. धोका वाटत असेल तर दुसरं बघू."

मी नाही म्हणालो तर ते थांबतील. तुम्ही सांगाल तसं करतो. लवकर लिहा.

सहादेव

•

पुणतांबा
१५ जानेवारी १९७३

चि. सहादेवभाऊजींस आशीर्वाद.

पत्र वाचून पाण्याला गेले. आमच्याकडेही आता टँकरच. माझ्या पुढे एक बाई उभी होती, कडेवर पोर. पोर ओठ चाटत होतं, तिच्या गालावरचा घाम चाटत होतं. तिचा नंबर यायच्या आत टँकर संपला.

मी घरी येऊन खूप वेळ बसले. आतले तुमचे दादा जिवंत असतील तर त्यांना सहा वर्षांत एकदा बाहेर यावंसं वाटलं नाही. वाकून गेले तसं वाकून येता आलं असतं. माझा मणी हातात आला तरी त्यांनी गाठ तेवढी बदलली आणि मासा परत सोडला. आणि जिवंत नसतील, तर ते जे काय असेल त्याच्यासाठी दुसऱ्यांची पोरं मारायची का?

उडवा. आधी एक दिवस हाका मारा. सांगा त्यांना, उद्या सुरुंग लागणार आहे, रतननं सांगितलंय, बाहेर या. भिमाजीलाही उभं करा. मग उडवा.

हा माझा शब्द. तुमच्यावर काही नाही.

रतन

•

उंबरझिरे
३ फेब्रुवारी १९७३

ती. सौ. वहिनीस, सा. न.

झालं. तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. मी आणि भिमाजीनं दिवसभर हाका मारल्या. तुमचं नाव घेऊन सांगितलं. उत्तर आलं नाही, टप् आवाजही आला नाही. दुसऱ्या दिवशी, २९ तारखेला, सुरुंग लावला.

धूर निवळला आणि पाणी आलं, वहिनी! कमरेएवढी धार. बायका हंडे टाकून नुसत्या पाण्यात बसल्या. पोरं नाचली. ज्या बाईचं मूल गेलं ती ओंजळ भरून बघत राहिली, प्याली नाही. आता कामावर कोणाला तहान म्हणून नाही. आजारी मूलही सावरलं.

मी कंदील घेऊन आत गेलो. आत देवळाच्या मंडपाएवढी जागा आहे. एका बाजूला कोरडी वाळू, तिला लागून कातळाची बैठक. माणूस, हाडं, कापड, काठी, काही म्हणजे काही नाही. बैठकीचा दगड गुळगुळीत आहे, तो पाण्यानंही होतो. मासे सगळे धारेबरोबर बाहेर आले, लोकांनी भाजून खाल्ले. मी खाल्ले नाहीत.

म्हणजे दादा तिथं नव्हता. असेल तर पूर्वीच वाहून गेला. मी ऐकलं ते माझ्या मनाचे खेळ. गाठीचं मात्र मला सांगता येत नाही, आणि आता मी सांगायचा प्रयत्नही करणार नाही. तुम्हीही मन मोकळं करा. शिवरात्रीला रजा काढून येतो, मग आईशी बोलू.

सहादेव

•

पुणतांबा
१२ फेब्रुवारी १९७३

चि. सहादेवभाऊजींस आशीर्वाद.

पत्र पावलं. पाणी लागलं, पुण्य लागलं. शिवरात्रीला मुद्दाम येऊ नका, गाड्यांना गर्दी असते. इकडे सगळे ठीक. आई आनंदात आहेत, कधी नव्हे ते गाणी म्हणतात.

सुरुंग कितीच्या सुमाराला उडाला ते लिहा. सहज विचारते.

जमलं तर एक मोठा रांजण कोणाबरोबर पाठवा. घरात पाणी फार लागतं हल्ली.

रतन

•

उंबरझिरे
२० फेब्रुवारी १९७३

ती. सौ. वहिनीस, सा. न.

सुरुंग ऐन दुपारी उडाला, माणसं भाकरीला सुटली तेव्हा. पण तुम्ही ते का विचारता?

आपल्या गावचा राधाकृष्ण मेंढ्या घेऊन इकडून गेला. तो म्हणाला, रतनवहिनीचं दार दिवसा लावलेलं असतं, छबू शाळेत येत नाही. तीन माणसांच्या घराला रांजणभर पाणी कशाला लागतं? तुमचा भाऊ येऊन बसलाय का? तुम्हाला माहेरी न्यायची जबरदस्ती करतो का? की आई आजारी आहे आणि तुम्ही लपवता? घरात कोण आहे, स्पष्ट लिहा. तुम्ही नको म्हणालात तरी मी शिवरात्रीला येणार.

सहादेव

•

पुणतांबा
२७ फेब्रुवारी १९७३

चि. सहादेवभाऊजींस रतनचे आशीर्वाद.

घरात कोण आहे विचारलंत. आता कोणी नाही, म्हणून लिहिते. माझा भाऊ आला नव्हता.

तुमचा सुरुंग उडाला त्या दुपारी मी टँकरवरून हंडा घेऊन आले. छबू ओट्यावर बसली होती. म्हणाली, "आई, आत एक मानूस हाय. आजीपाशी बसलाय." आत गेले तर तुमचे दादा. बाजाराला जाताना अंगात होता तोच सदरा. वयही तेच. मी या सहा वर्षांत पिकले, ते नाही. अकोल्याहून इथवर एसटीनंही दिवस मोडतो, आणि ते भाकरीच्या वेळेला घरात.

मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू? मी पाया पडले. पाय ओल्या दगडासारखे गार. धोतरातून पाणी गळत होतं. बाहेर एवढं ऊन, पण ते पाणी त्या दिवशी वाळलं नाही, नंतरही नाही. पापणी हलत नव्हती. आई त्यांचा हात धरून नुसत्या "माझा कानिफ, माझा कानिफ" करत होत्या.

मी दार लावून घेतलं. लोकांनी विचारलं तर काय सांगणार होते?

ताट वाढलं की ते ताटाकडे बघायचे, भाकरी त्यांच्या हाताखाली भिजून पीठ व्हायची. खात नव्हते. पाणी मात्र प्यायचे. हंडा, कळशी, छबूचा पेला, सगळं. मी दिवसात तीनदा रांगेत उभी राहायची आणि आणलेलं संपायचं. छबूचे ओठ फुटले. मी तिला वाटीत लपवून पाणी द्यायला लागले, तिच्याच बापापासून.

बोलायचे फार थोडं. मी विचारलं, आत काय होतं? म्हणाले, "पानी. लई नितळ. तुला दावायचं हुतं." तुमच्याविषयी एकदाच बोलले, "सहादेवाची गाठ कच्ची." मी हसले, आणि मग अंगावर काटा आला. तुमच्या गाठीचं मी त्यांना सांगितलं नव्हतं.

आई दिवसभर हात सोडायच्या नाहीत. काही दिवसांनी त्यांची बोटं पांढरी पडून सुरकुतली, पोरं फार वेळ नदीत खेळली की होतात तशी. हातही गार पडायला लागला. मी हात काढून चुलीशी शेकायची, त्या पुन्हा द्यायच्या. त्या खूश होत्या, भाऊजी. मला त्यांच्यापासून ते तोडवेना.

परवा दुपारी मी पाण्याहून आले तर ते उभे, छबूचा हात धरलेला. छबूनं परकर वर खोचला होता. ती आधी त्यांना भ्यायची, पण सवय झाली होती. म्हणाली, "आई, बाबा मला मासं दावनार हाईत."

मी दारात उभी राहिले. म्हटलं, "पोरगी न्हाई येनार."

ते म्हणाले, "मंग तू चल."

त्या आवाजात राग नव्हता. लग्नानंतर पहिल्या वर्षी घाटावर चल म्हणायचे ना, तसंच म्हणाले. घरात कोरडं पीठ, कोरडी चूल, घसा कोरडा, आणि त्यांच्या अंगाला गार पाण्याचा वास. माझं एक पाऊल उचललं होतं. हे तुम्हाला सांगते, दुसऱ्या कोणाला सांगणार नाही.

मग मला छबूचं मनगट दिसलं. त्यांची बोटं होती तिथं कातडी पांढरी, सुरकुतलेली. वर कोपराकडे चढत चालली होती. आणि ती हसत होती.

नवऱ्याचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. त्यानंतर ते ओठांवर आलं नव्हतं. मी म्हटलं, "कानिफनाथ, पोरीचा हात सोडा. तुमी आता हितलं न्हाई. जा."

ते झोपेतून उठल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा पापणी लवली. हात सोडला. माझ्या अंगाला न लागता दारातून गेले.

मी छबूला आत ढकलून कडी घातली आणि घाटापर्यंत मागे गेले. खालच्या डबक्यावर बायका धुणं धूत होत्या. ते त्यांच्या मधून गेले. एकीनं नुसता पदर सावरला, म्हणाली, "गार वारं कुठून आलं गं?" पाण्यात उतरले, गुडघे, कंबर, खांदे. ते डबकं कोणाच्याही घोट्याच्या वर नाही. वाळूवरची ओली पावलं मी बघेपर्यंत वाळली.

छबूचं मनगट आता बरं आहे. रात्री माझ्या कुशीत झोपते, पाणी मागते, पोटभर पिते. शाळेत पाठवली. मी कुंकू पुसलं. शेजारच्या बायका रडल्या, मला रडू आलं नाही, आज लिहिताना येतंय. तुम्ही शिवरात्रीला नक्की या. ब्राह्मणाला सांगून ठेवलंय, भावानं करायचं ते तुम्ही करा, नदीवर नको, मळ्यात करू.

आईंना मी सांगितलं, ते परत कामाला गेले. त्या हात पदराखाली घेऊन चोळत बसल्या. मग त्यांनी विचारलं, "जेवून गेला का गं?"

मी म्हटलं, "व्हय आत्याबाई. पोटभर."

रतन